सुईणीपासून आरोग्यदूतापर्यंत

हत्यार कोणी हाती धरावे, हा प्रश्न हत्याराइतकाच जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातील चेंबर्लेन नावाच्या वैद्यघराण्याने अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा चिमटा प्रचारात आणिला, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ घरातल्या घरात गुप्त ठेविला. पुढे त्या चिमट्याचे रहस्य फुटले. तो सर्व वैद्यांस ठाऊक झाला. परंतु सुईणींच्या हाती तो सहसा गेला नाही. बाळंतपणाचे काम युगानुयुगे बायकाच करीत आल्या होत्या. हत्यार मात्र पुरुषाचे ठरले. त्याचा परिणाम असा झाला की, सोपी बाळंतपणे सुईणीकडे राहिली, आणि कठीण बाळंतपणे, व त्यांच्याबरोबर येणारा मान आणि मोबदला, वैद्याकडे गेला. सुईणीच्या अंगी कौशल्य नव्हते असे नाही. तिला हत्यार वापरावयास कोणी शिकविले नाही, इतकेच.

स्त्रियांना तांत्रिक शिक्षण दिल्याने काय साधते, असा विषय निघाला म्हणजे शहरातील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थिनी किंवा संगणकापुढे बसलेली तरुणी उभी राहते. ते चित्र खोटे नाही. परंतु या प्रश्नाचे अत्यंत काटेकोरपणे मोजलेले एक उत्तर पुण्या-मुंबईच्या विद्यालयांतून आलेले नसून, ते महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील अरण्यातून, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या एकोणचाळीस खेडवळ स्त्रियांकडून आलेले आहे.

हा मुलूख म्हणजे जुना चांदा जिल्हा. १९६४ साली त्याचे नाव चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील भाग तोडून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पश्चिमेस वैनगंगा व प्राणहिता, पूर्वेस इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर, आणि मध्ये साग, बांबू व मोहाचे रान. पावसाळ्यात नाले भरून आले म्हणजे कित्येक गावांचा जगाशी संबंध तुटावा, अशी येथील स्थिती. भामरागडकडील हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया गोंडांची रुग्णसेवा आरंभिली, तेव्हा एका रोग्यास खाटेवर घालून अनेक कोस चालत आणावे लागे. अशा मुलखात बाळंतपण घरीच व्हावयाचे, आणि ते गावच्या सुईणीने करावयाचे, हा क्रम साहजिक होता.

सुईणीस शिकविण्याचे प्रयत्न त्यापूर्वी झाले नव्हते असे नाही. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी निधी उभारण्यात आला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळविली. दुर्दैवाने पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ एक निधी निघाला, आणि त्याचा हेतूच मुळी देशी दायांना शिक्षण देण्याचा होता. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास सेवासदनाचे काम सुरू झाले, व त्या संस्थेने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांस परिचारिकेच्या स्वतंत्र व्यवसायात आणिले.

या सर्व खटपटींचे मोल मोठे आहे. तथापि त्यांत एक भेद सूक्ष्मपणे पाहण्यासारखा आहे. शहरातील स्त्री परिचारिका झाली, डॉक्टर झाली. तिच्या हाती नवे शास्त्र आले. खेड्यातील सुईणीस मात्र मुख्यतः स्वच्छता शिकविण्यात आली. हात धुवावे, नाळ स्वच्छ पात्याने कापावी, ही शिकवण आवश्यक होती आणि तिने अनेक जीव वाचविले असतील. परंतु मूल जन्मल्यावर आजारी पडले तर तो आजार ओळखावा कसा, आणि ओळखल्यावर त्यावर उपाय काय करावा, हे तिला कोणी सांगितले नाही. ते काम डॉक्टरचे. आणि डॉक्टर तर चाळीस मैलांवर!

१९७० साली अहमदनगर जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी या समजुतीस पहिला मोठा धक्का दिला. निरक्षर ग्रामीण स्त्रिया योग्य शिक्षण मिळाल्यास गावाचे आरोग्य सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. गडचिरोलीत पुढे जे घडले ते याच वाटेवरचे होय. परंतु तेथे एक नवी गोष्ट झाली. जे शिकविले त्याचा परिणाम किती झाला, हे तेथे गावोगाव मोजले गेले.

डॉ. अभय बंग आणि मूळच्या चंद्रपूरच्या डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले, आणि १९८६ साली गडचिरोलीस येऊन राहिले. त्यांच्या संस्थेचे नाव ‘सर्च’. धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ त्यांनी पुढे शोधग्राम वसविले, आणि आदिवासींच्या इच्छेनुसार तेथील रुग्णालयास माँ दंतेश्वरीचे नाव दिले. आरंभी राणीबाईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरांपैकी ब्याण्णव स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तशी तपासणी अवघ्या आठ टक्के स्त्रियांची झाली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न केवळ बाळंतपणापुरता नाही, हे जगातील विद्वानांच्या ध्यानात आले.

त्यानंतरचा प्रश्न होता मुलांच्या न्यूमोनियाचा. तान्ह्या मुलाची छाती भरली म्हणजे त्याचा श्वास जलद चालतो. मिनिटास अमुक श्वासांहून अधिक झाले की न्यूमोनिया समजावा, असे शास्त्र सांगते. दोन महिन्यांच्या आतील मुलास ही मर्यादा साठ श्वासांची, त्याहून मोठ्या तान्ह्या मुलास पन्नासांची. परंतु ज्या सुईणीस साठापर्यंत मोजताच येत नाही, आणि जिच्यापाशी घड्याळ नाही, तिने श्वास मोजावे कसे? येथे दोन मार्ग होते. सुईण या कामास अपात्र आहे असे ठरवून तिला दूर सारणे, हा एक. आणि तिला जेवढे येते तेवढ्यावर चालेल असे साधन तयार करणे, हा दुसरा.

बंग दांपत्याने दुसरा मार्ग घेतला, आणि श्वासमापक नावाचे एक साधे यंत्र बनविले. एका चौकटीत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि बाजूस तारेवर ओवलेले मणी. वाळू पडू लागली की सुईणीने मुलाचे श्वास मोजावयाचे. दहा झाले की एक मणी सरकवावयाचा, आणि पुनः एकपासून आरंभ करावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. लहान मुलांसाठी मण्यांची एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी. ज्या बाईस अंकलिपी ठाऊक नाही, तिच्या हाती या मण्यांनी रोगनिदान दिले. पाटीवरील गणित जिला कधी शिकविले नव्हते, ती आता जीवनमरणाचे गणित करू लागली.

या योजनेत सुईणींबरोबर गावातील आरोग्यसेवक व निमवैद्यकीय कार्यकर्ते यांनाही शिकविण्यात आले होते. त्यांनी मुलांच्या न्यूमोनियाच्या ६१२ प्रसंगी औषधोपचार केले. त्यांत दगावण्याचे प्रमाण शेकडा ०.८ होते, जेथे ही योजना नव्हती त्या शेजारच्या गावांत ते १३.५ होते. १९९० साली हे आकडेही ‘लॅन्सेट’ने छापिले.

तथापि अजून सर्वांत नाजूक जीव बाकी होता. जन्मापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतील बालक म्हणजे नवजात बालक. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या मुलांपैकी मोठा भाग या पहिल्या चार आठवड्यांतच जातो. त्या काळी तज्ज्ञांचे मत असे की, अशा बालकाचा आजार रुग्णालयातच हाताळावा. त्यासाठी काचेची पेटी हवी, परिचारिका हव्या, बालरोगतज्ज्ञ हवा. मत शास्त्रशुद्ध होते. परंतु गडचिरोलीच्या खेड्यांत त्याचा उपयोग नव्हता. १९९५-९६ साली ७६३ नवजात बालकांची घरोघरी जाऊन नोंद घेण्यात आली. निम्म्याहून अधिक बालकांस उपचारांची गरज होती. डॉक्टरची दृष्टी पडली ती अवघ्या २.६ टक्के बालकांवर. म्हणजे ज्या रुग्णालयाचा हवाला दिला जात होता, ते बहुतेक बालकांपुरते अस्तित्वातच नव्हते.

तेव्हा एकोणचाळीस गावांतून प्रत्येकी एक स्त्री निवडण्यात आली. त्या सर्व स्थानिक होत्या, आणि पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांस आरोग्यदूत हे नाव मिळाले. शेजारच्या सत्तेचाळीस गावांत ही योजना न नेता केवळ जन्म-मृत्यूंची नोंद ठेविली, म्हणजे तुलना करता यावी. सुईण दूर सारली गेली नाही; बाळंतपणाचे काम तिचेच राहिले. आरोग्यदूत तिच्या शेजारी बसू लागली, आणि मूल जन्मले की ते हाती घेऊ लागली.

या स्त्रियांना काय शिकविले, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. मूल जन्मताच रडले नाही तर त्याच्या तोंडातील चिकट द्रव शोषून काढावा, आणि नाकातोंडावर मुखवटा धरून रबरी पिशवीने हवा भरावी, हे पहिले कौशल्य. काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे, हे दुसरे. तापमापक लावून अंश वाचावे, आणि अंग गार पडले असल्यास मुलास उबदार पिशवीत कसे ठेवावे, हे तिसरे. महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन पुनःपुनः तपासावे, हे चौथे.

सर्वांत कठीण काम जंतुसंसर्गाचे. रक्तात विष भिनले म्हणजे तान्हे मूल एका रात्रीत जाते, आणि त्याची लक्षणे अस्पष्ट असतात. ती सात खुणांत बांधून देण्यात आली: पूर्वी नीट रडणारे मूल क्षीण रडू लागणे वा रडेनासे होणे, पूर्वी नीट दूध ओढणारे मूल ओढीनासे होणे, हातपाय लुळे पडणे वा गुंगी येणे, अंग तापणे वा गार पडणे, बेंबीत किंवा त्वचेवर पू होणे, जुलाब, सतत वांती किंवा पोटफुगी, आणि कण्हणे किंवा श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे. यांपैकी दोन खुणा एकाच वेळी आढळल्या तर संसर्ग समजावा. मग आईबापांस स्थिती समजावून सांगावयाची, रुग्णालयात जाण्याचा सल्ला द्यावयाचा. ते जाण्यास तयार नसतील तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिनची सुई टोचावयाची आणि तोंडाने दुसरे औषध द्यावयाचे.

या ठिकाणी कोणाही शहाण्या मनुष्याच्या मनात शंका उभी राहील. सातवी शिकलेल्या बाईने चार दिवसांच्या बालकास सुई टोचावी? चुकली तर जबाबदार कोण? ही शंका केवळ दुराग्रहाची नव्हती. वैद्यकाच्या धंद्यात सुई हे डॉक्टरचे चिन्ह मानले गेले आहे, आणि अडाण्याच्या हाती गेलेल्या सुईने खेड्यांत अनर्थही केलेले आहेत. तिचे उत्तर वादविवादाने मिळण्यासारखे नव्हते. ते शिक्षणाच्या पद्धतीतूनच द्यावे लागले. शिकवणी थोडक्या विषयांची, पण पुनःपुनः होणारी. आधी दाखविणे, मग करावयास लावणे, मग परीक्षा घेणे. प्रत्येक बालकाची लिखित नोंद. आणि दर पंधरवड्यास गावी येऊन ती नोंद व ते बालक तपासणारा डॉक्टर. सुई दिली, पण तिच्यामागे नियम दिला, वही दिली आणि देखरेख दिली. अडाणी सुई आणि शिकलेली सुई यांतील अंतर हेच होय.

आता फळ पाहू. १९९३ ते १९९५ या काळात त्या एकोणचाळीस गावांत दर हजार जन्मांमागे बासष्ट नवजात बालके दगावत होती. १९९७-९८ साली ही संख्या २५.५ वर आली. शेजारच्या सत्तेचाळीस गावांत ती आरंभी अठ्ठावन्न होती, आणि त्याच वर्षी ५९.६ होती, म्हणजे तेथे काहीच सुधारले नव्हते. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांत मृत्यूचे प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी शेकडा १६.६ होते, आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या बालकांत ते २.८ झाले. डिसेंबर १९९९ मध्ये हा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. नवजात मृत्यूंत शेकडा बासष्टांची घट! काचेच्या पेटीवाचून, तज्ज्ञावाचून, मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात बसणाऱ्या बायकांनी हे करून दाखविले होते.

हे यश कशाचे, याचा विचार केला पाहिजे. केवळ औषधाचे ते खचित नव्हे. जेंटामायसिन पूर्वीही बाजारात मिळत होते. केवळ यंत्राचेही नव्हे; तापमापक काही नवा नव्हता. तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, साधन मनुष्याच्या मापाने बेतले. मनुष्यास साधनाच्या मापाने अपात्र ठरविले नाही. दुसरी, शिकविलेले कौशल्य लगेच कामात आले, आणि काम पाहून पुनः शिकविले गेले. तिसरी गोष्ट गावाच्या अंगणातील आहे. आरोग्यदूत ही गावचीच सून किंवा लेक. बाळंतिणीच्या खोलीत तिला मज्जाव नाही, मध्यरात्री बोलावणे आले तर ती पाच मिनिटांत पोहोचते, आणि सासूबाईंशी त्यांच्याच बोलीत बोलू शकते. शहरातून आलेला पदवीधर कितीही विद्वान असला तरी ही तिसरी पात्रता त्याला मिळविता येत नाही.

आणि त्या स्त्रियांचे काय झाले? कालपर्यंत अमक्याची बायको म्हणून ओळखली जाणारी स्त्री घड्याळ बांधून, खांद्यास पिशवी लावून घरोघरी जाऊ लागली, आणि तिने लिहिलेल्या नोंदी परदेशातील शास्त्रज्ञ वाचू लागले. जे स्थान चेंबर्लेनच्या काळी सुईणीस नाकारले गेले होते, ते तिच्या गडचिरोलीतील भगिनीने तीनशे वर्षांनी मिळविले.

पुढील कथा देशाची आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, आणि गावोगाव ‘आशा’ नेमण्यात आल्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त पत्रक काढून नवजात बालकासाठी गृहभेटींचा पुरस्कार केला. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम आशांवर सोपविले, आणि त्यांच्या शिक्षणक्रमात गडचिरोलीचा अनुभव उतरला. मूल घरी जन्मले तर सात आणि रुग्णालयात जन्मले तर सहा भेटी. पिशवीत वजनकाटा, तापमापक, घड्याळ. देशातील नवजात मृत्युदर २००० साली हजारी ४४ होता, तो २०२० साली २० झाला. रुग्णालयातील बाळंतपणे वाढली, रस्ते झाले, लसी आल्या, या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु दारोदार फिरणाऱ्या या स्त्रियांचा वाटा कोणास नाकारता येणार नाही.

मात्र दोन गोष्टी देशाने गडचिरोलीपासून घेतल्या नाहीत. पहिली सुईची. राष्ट्रीय कार्यक्रमात इंजेक्शन आशांच्या हाती दिले गेले नाही. २०१४ च्या सूचनांनुसार ते काम आरोग्यसेविकेचे ठरले. इतक्या विशाल देशात तेवढी कडक देखरेख ठेवता येईल काय, ही सरकारची चिंता समजण्यासारखी आहे. तरीही जेथे आरोग्यसेविका नदीपलीकडे राहते, तेथे सुई पुनः एकदा बालकापासून दूर गेली, हे खरे.

दुसरी गोष्ट पदाची. आशा ही सरकारी योजनेत स्वयंसेविका मानली जाते. तिला वेतन नाही, कामाप्रमाणे मोबदला आणि मानधन आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. आणि २०२३ साली महाराष्ट्रातील आशा व त्यांच्यावरील गटप्रवर्तक मानधनवाढीसाठी संपावर होत्या. गौरवाने घर चालत नाही, हे त्यांचे म्हणणे अवास्तव कसे म्हणावे? आशा अनुभवाने गटप्रवर्तक होऊ शकते, ही एक पायरी आहे. परंतु त्यापुढील शिडी अरुंद आहे. कौशल्य शिकविले, ते सिद्ध झाले, त्याचा लाभ समाजाने घेतला. आणि नंतर त्या कौशल्यास व्यवसायाचा दर्जा देण्याची वेळ आली, तेव्हा समाजाचा हात आखडला.

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात हा अडथळा नवा नाही. शिकविण्याचा प्रश्न सुटला म्हणजे शिकलेलीस स्थान देण्याचा प्रश्न उभा राहतो. शहरातील अभियंता मुलीस तो एका रूपाने भेटतो, भामरागडच्या आशेस दुसऱ्या रूपाने. गडचिरोलीच्या एकोणचाळीस स्त्रियांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनिशी देऊन ठेविले आहे. स्त्रीस साधन द्या, ते वापरण्याचे शिक्षण द्या, आणि चुकल्यास सावरणारा मार्गदर्शक द्या. मग तिची इयत्ता कोणती, हे विचारण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम त्या स्त्रियांचे नव्हे. ते ज्यांची मुले त्यांनी वाचविली, त्या समाजाचे आहे.